हजारो गाणी लावायची आहेत: फुकटचा प्लेअर पुरतो की विकत घ्यावा?

घरातल्या एक्स्टर्नल हार्डडिस्कवर चार-पाच हजार गाणी पडून असतात. काही सीडीवरून उतरवलेली, काही एमपीथ्री सीडीवरून कॉपी केलेली, तर काही कॅसेटवरून कुणीतरी हौसेनं भरलेली. निम्म्यांची नावं ‘ट्रॅक ०१’, उरलेल्यांच्या नावात कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता. ही सगळी नीट लावायची ठरवलं की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर शोधायला लागतात, आणि मग पैसे मोजायचे की नाही यावर अडतात.

क्रम उलटा धरा. आधी फुकटच्या साधनांनी संग्रह लावून घ्या आणि तुमची मेहनत गाण्याच्या फाइलमध्येच साठेल असं बघा. पैशांचा प्रश्न त्यानंतर. फाइली नीट असतील तर प्लेअर आज हा, उद्या तो. संग्रहाला काही फरक पडत नाही.

माहिती नेमकी कुठे साठते?

गाण्याचं नाव, गायक, संगीतकार, अल्बम, वर्ष आणि मुखपृष्ठाचं चित्र ही माहिती फाइलच्या आत ‘टॅग’ म्हणून लिहिलेली असते. फाइल कुठेही न्या, टॅग सोबत जातात. याउलट गाणं किती वेळा वाजलं, कोणत्या प्लेलिस्टमध्ये आहे, कधी जमा झालं, हे बहुतेक प्लेअर स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. ॲपलच्या आयट्यून्स प्लेअरमध्ये गाण्यांना आवडीनुसार दिलेले तारे फाइलमध्ये जात नाहीत, त्याच्या लायब्ररीतच राहतात. म्हणून दहा वर्षं तारे देत बसलेला माणूस दुसऱ्या प्लेअरवर गेला की त्याच्या हाती कोरी यादी येते. म्युझिकबी आणि मीडियामंकी या प्लेअरांत मात्र तारे फाइलमध्ये लिहिण्याची सोय आहे. सेटिंगमध्ये ती चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा.

एमपीथ्रीच्या टॅगचे प्रकार आहेत, आणि मराठी माणसाला ते माहीत असायला हवेत. सर्वांत जुना आयडीथ्री व्ही १ फक्त १२८ बाइटचा. त्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट जागा आणि देवनागरीसाठी ठरलेली सोय नाही. व्ही २.३ मध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच अक्षरपद्धत) चालतं, आणि जुन्या-नव्या जवळजवळ सगळ्या यंत्रांना तो वाचता येतो. म्हणून टॅग व्ही २.३ मध्येच ठेवा. एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर मुळातच तसं लिहितं.

काय उतरवून घ्यायचं

विंडोज असेल तर दोन गोष्टी पुरतात: टॅग दुरुस्त करायला एमपीथ्रीटॅग, आणि वाजवायला-लावायला म्युझिकबी किंवा फूबार २०००. तिन्ही विंडोजवर मोफत आहेत (मॅकसाठीचं एमपीथ्रीटॅग विकत आहे). म्युझिकबी बसवलं की लगेच वापरता येतं आणि दिसायलाही नीटनेटकं आहे. फूबार २००२ पासून आहे. अंगानं हलकं, पण सुरुवातीला रुक्ष वाटतं आणि हवं ते एकेक जोडून घ्यावं लागतं. नवख्यानं म्युझिकबीपासून सुरुवात करावी.

व्हीएलसी बहुतेकांकडे असतंच. कुठलीही फाइल वाजवण्यात ते तरबेज आहे, पण संग्रह सांभाळणं हे त्याचं काम नव्हे. गाण्यांची पाच हजारांची लायब्ररी त्यात लावायला बसू नका.

सॉफ्टवेअर नेहमी मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींच्या पानांवर तीन-तीन हिरवी डाउनलोड बटणं असतात, आणि खरं बटण त्यातलं बारीक असतं. विकतच्या प्लेअरची क्रॅक केलेली प्रत तर घेऊच नका. व्हायरस घरात आणायचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

पायरी १: मूळ प्रत बाजूला ठेवा

सगळी गाणी दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी कॉपी करा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जागेचा अंदाज असा: १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला साधारण १ एमबी घेते, ३२० केबीपीएसची २.४ एमबी, आणि सीडीवरून उतरवलेली फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारी) फाइल ५ ते ६ एमबी. पाच मिनिटांची पाच हजार एमपीथ्री गाणी १२८ वर असतील तर २५ जीबी. एवढ्याशा जागेसाठी ही पायरी गाळणारे पुढे पस्तावतात, कारण टॅग एकगठ्ठा बदलताना एका चुकीच्या क्लिकनं हजार फाइलींवर एकच गायक बसतो.

आणखी एक खबरदारी. जुन्या विंडोज मीडिया प्लेअरमध्ये इंटरनेटवरून माहिती आणून असलेली माहिती पुसून लिहिण्याचा पर्याय आहे. तो बंद ठेवा, नाहीतर तुम्ही मराठीत लिहिलेलं एक दिवस इंग्रजीत दिसेल. आयट्यून्स वापरत असाल तर लायब्ररीत टाकताना फाइली कॉपी करण्याची खूण काढा. ती राहिली की प्रत्येक गाणं डिस्कवर दोनदा बसतं.

पायरी २: आधी नियम ठरवा, मग हात लावा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर द्या. मराठी संग्रहाचे बहुतेक घोळ इथूनच निघतात.

लिपी एकच ठरवा. काही गाण्यांवर गायकाचं नाव देवनागरीत आणि काहींवर रोमन लिपीत असेल, तर प्लेअरच्या यादीत तो गायक दोनदा दिसतो. पदव्यांचंही तसंच: ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे संगणकाच्या लेखी तीन वेगवेगळे गवई आहेत. पदवी गाळलेली बरी. ठेवायचीच तर सगळीकडे एकाच रूपात ठेवा.

देवनागरीचा आणखी एक छुपा सापळा आहे. ‘कऱ्हाडे’मधला ऱ् काही कीबोर्ड एका खास अक्षरानं लिहितात, तर काही साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक त्यांना वेगळे मानतो. ‘ॲ’चंही असंच: एका कीबोर्डवर ते एकच अक्षर असतं, दुसऱ्यावर अ आणि वर चंद्र. एकच नाव यादीत दोनदा दिसतंय आणि शुद्धलेखनात काही फरक सापडत नाही, असं झालं की कारण हेच. उपाय सोपा आहे. नाव पुन्हा टाइप करू नका. एका फाइलवरून कॉपी करा आणि दोन्ही नावांखालच्या सगळ्या फाइली निवडून एकदाच चिकटवा.

जुन्या फाइलींवर कधीकधी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन कचरा दिसतो. ती युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमधली मराठी असते. नाव ऐकून ओळखा आणि पुन्हा लिहून काढा. थोड्या गाण्यांसाठी कन्व्हर्टर शोधण्यापेक्षा ते लवकर होतं.

पायरी ३: एका फाइलवर हात बसवा

एमपीथ्रीटॅग उघडा, फोल्डर त्यात ओढून टाका. समजा, ख्यालाची एक फाइल आहे. शीर्षकात ‘ट्रॅक ०३’, कलाकाराचा रकाना रिकामा, अल्बममध्ये वेबसाइटचं नाव, शेऱ्यात जाहिरात. डावीकडच्या चौकटींत असं भरा: शीर्षकात ‘यमन: विलंबित ख्याल’, कलाकारात गायकाचं नाव, अल्बममध्ये मुखपृष्ठावर छापलेलं नाव, ट्रॅकच्या रकान्यात फक्त ३, आणि शेरा पुसून टाका. मग सेव्ह करा. सेव्हचं बटण विसरून पुढच्या फाइलवर गेलात तर लिहिलेलं वाया जातं, आणि नवख्याचं पहिल्या दिवशी हे हमखास होतं.

राग आणि ताल यांच्यासाठी वेगळे रकाने तयार करा. ही मोफत मिळणारी सोय आहे आणि आपल्या संगीताला तिचा फार उपयोग होतो. म्युझिकबीत प्रेफरन्सेसमधल्या ‘टॅग्ज (१)’ या पानावर ‘डिफाइन न्यू टॅग्ज’ आहे. फूबारमध्ये गाण्याच्या प्रॉपर्टीजमध्ये यादीच्या तळाशी नवा रकाना जोडता येतो. रकान्याचं नाव रोमन अक्षरांत द्या, कारण फ्लॅकच्या टॅगमध्ये रकान्यांची नावं साध्या रोमन अक्षरांतच चालतात. आतली माहिती मात्र देवनागरीत लिहायला हरकत नाही. हे एकदा झालं की ‘यमन’ शोधल्यावर किशोरीताईंपासून बिस्मिल्ला खाँपर्यंत तुमच्याकडचा सगळा यमन एका यादीत येतो.

भावगीतं आणि नाट्यगीतं असतील तर गीतकाराचा रकाना रिकामा ठेवू नका. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये तो मागच्या पानावर असतो, पण असतो. आपल्याकडे गाणं शोधताना गीतकार आणि संगीतकार यांची नावं आधी आठवतात.

फाइलच्या नावात सगळी माहिती आधीच असेल तर एकेक भरत बसू नका. एमपीथ्रीटॅगमध्ये आल्ट आणि २ दाबलं की फाइलनेमवरून टॅग भरण्याची खिडकी उघडते, आणि आल्ट आणि १ नं उलटं, टॅगवरून फाइलला नाव देता येतं. दोन्ही ठिकाणी लागू करण्याआधी नमुना दिसतो. तो वाचा.

टॅग बदलूनही प्लेअरमध्ये जुनंच दिसत असेल तर त्या एमपीथ्रीमध्ये बहुधा एपीई नावाचा दुसरा टॅग चिकटलेला आहे. एक सॉफ्टवेअर हा वाचतं, दुसरं तो. एमपीथ्रीटॅगच्या ऑप्शन्समध्ये एमपेगच्या पानावर काढून टाकण्याच्या यादीत फक्त एपीईवर खूण ठेवून तो काढता येतो. आयडीथ्री व्ही २ वर चुकून खूण राहिली तर सगळी मेहनत त्याच्यासोबत जाईल, म्हणून आधी दोन-चार फाइलींवर करून बघा.

पायरी ४: चित्रपटगीतांचे तुकडे होऊ देऊ नका

नवशिक्यांची नेहमीची तक्रार: एका चित्रपटाची आठ गाणी, पण प्लेअरमध्ये त्या चित्रपटाचे पाच अल्बम दिसतात. कारण गाणी पाच वेगवेगळ्या गायकांची आहेत, आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा आहे. आठही गाणी निवडा आणि त्या रकान्यात सगळीकडे एकच मजकूर टाका, ‘विविध गायक’ किंवा संगीतकाराचं नाव. काहीही चालेल, फक्त आठही ठिकाणी तेच हवं.

युगुलगीतात दोन नावं स्वल्पविराम देऊन लिहिली की तिसराच गायक तयार होतो. म्युझिकबी आणि फूबारमध्ये दोन नावांमध्ये अर्धविराम द्या, एमपीथ्रीटॅगमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा. मग गाणं दोघांच्याही यादीत दिसतं.

पायरी ५: फोल्डर लावा

टॅग नीट झाल्यावरच फोल्डरला हात घाला, कारण फोल्डर टॅगवरूनच बनतात. म्युझिकबीत टूल्स मेनूत ‘ऑर्गनाइझ फाइल्स’ आहे, फूबारमध्ये राइट क्लिक करून ‘फाइल ऑपरेशन्स’. साचा साधा ठेवा: गायक किंवा अल्बम आर्टिस्ट, त्यात अल्बम, त्यात क्रमांक आणि गाण्याचं नाव. क्रमांक दोन अंकी घ्या, नाहीतर काही यंत्रांवर १ नंतर १० वाजतं.

नावांच्या लांबीवर लक्ष असू द्या. विंडोजच्या पुष्कळ प्रोग्रॅमना २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ता चालत नाही. अँड्रॉइड फोनच्या साठवणीत सहसा एका फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलंत ३ बाइट घेतं. ‘नाट्यसंगीत’ हा शब्दच ३० बाइटचा. म्हणजे काना-मात्रा धरून ऐंशी अक्षरांच्या पुढे गेलेलं नाव फोनवर चढताना नाकारलं जाऊ शकतं, आणि कॉपी मध्येच थांबली की कारण कळत नाही. ख्यालाच्या नावात राग, ताल, बंदिश आणि साथीदार सगळं कोंबू नका. त्यासाठी टॅग आहेत.

पायरी ६: आवाज सारखा करा

१९५० च्या दशकातली ध्वनिमुद्रिका हळू वाजते, आजचं गाणं दणदणीत. ‘रिप्लेगेन’ याच कामाचं आहे. ते फाइलमधला आवाज मोजतं आणि किती कमी-जास्त करायचं तो आकडा टॅगमध्ये लिहितं. फूबार आणि म्युझिकबी असे वापरले तर मूळ आवाजाला धक्का लागत नाही. फूबारमध्ये गाणी निवडून राइट क्लिक, रिप्लेगेन, आणि टॅगनुसार अल्बम धरून मोजणी. यानंतर प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅकखाली रिप्लेगेन चालू आहे का ते बघा. मोजणी केली आणि काही फरकच पडला नाही, असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा हेच बटण राहू दिलेलं असतं. मैफल ऐकताना ‘अल्बम’ पर्याय ठेवा, नाहीतर आलाप आणि द्रुत बंदिश एकाच आवाजात वाजतात. सरमिसळ गाण्यांना ‘ट्रॅक’.

मैफलीचे तुकडे पाडलेले असतील तर एमपीथ्रीमध्ये दोन तुकड्यांमध्ये क्षणभर शांतता येते. एन्कोडर (एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर) फाइलच्या टोकांना थोडी रिकामी जागा जोडतो म्हणून. फूबार आणि म्युझिकबी ती जागा वगळून सलग वाजवू शकतात. गाडीतला स्टीरिओ सहसा नाही.

आता पैशांचं

इथपर्यंत एक रुपयाही खर्च झालेला नाही. म्हणूनच पैसे मोजायच्या वेळी ‘चांगला प्लेअर हवा’ एवढं कारण पुरेसं नाही. वरच्या पायऱ्या करताना नेमकं काय अडलं, ते आधी लिहून काढा.

मीडियामंकीची मोफत आवृत्ती चांगली चालते. गोल्ड या विकतच्या आवृत्तीचे पैसे भरले की वेगवेगळे संग्रह अलग ठेवता येतात, जसं भजनं वेगळी, मुलांची गाणी वेगळी. नियमांवर चालणाऱ्या गुंतागुंतीच्या प्लेलिस्टा बनतात. आणि नवी फाइल आली की ती आपोआप योग्य फोल्डरमध्ये जाते. दर आठवड्याला नवं संगीत येणाऱ्या माणसाला याचा उपयोग आहे. वर्षाला चार सीडी घेणाऱ्याला नाही.

जेरिव्हर मीडिया सेंटर विकतच आहे, पण ३० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, घरातल्या वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळं संगीत पाठवतं आणि स्पीकरनुसार आवाज बारकाईनं जुळवू देतं. दरवर्षी नव्या क्रमांकाची आवृत्ती येते, अद्ययावत करायला सवलतीत पुन्हा पैसे. जुनी आवृत्ती चालत राहते, म्हणून दर वर्षी भरायलाच हवेत असं नाही.

रून मासिक, वार्षिक किंवा आजीवन वर्गणीवर चालतं. २०२३ मध्ये हार्मन कंपनीनं ते विकत घेतलं. त्यासाठी एक संगणक कायम चालू ठेवावा लागतो. त्याचं मुख्य आकर्षण म्हणजे कलाकारांची, वादकांची आणि अल्बमांची माहिती आपोआप येऊन जोडली जाणं. पाश्चात्त्य संगीताला ते सुंदर चालतं. लावणी, कीर्तन, जुनी नाट्यपदं असा संग्रह असेल तर ही माहिती पुष्कळदा सापडतच नाही किंवा भलत्याच अल्बमची येते, आणि शेवटी हातानंच लिहावी लागते. मुख्यतः मराठी संग्रहासाठी रूनची वर्गणी भरण्यात अर्थ नाही. हीच अडचण म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या टॅग आपोआप भरणाऱ्या मोफत साधनालाही येते, पण तिथे निदान पैसे गेलेले नसतात, आणि हवा तर तो अल्बम तुम्ही स्वतः त्यांच्या यादीत भरू शकता.

सीडी उतरवायची असेल तर मोफत एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि विकतचं डीबीपॉवरॲम्प, दोन्ही तुमची प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून बरोबर आली का ते सांगतात. फरक सोपेपणाचा आहे. पहिल्याचं सेटिंग एकदा बसून लावावं लागतं. वीस सीडींसाठी मोफतचं पुरतं. चारशे सीडींचं कपाट असेल तर विकतचं घ्या, वाचलेला वेळ खरा आहे.

घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: एकरकमी की वर्गणी, किती संगणकांवर चालेल, आणि परवाना एकाच आवृत्तीचा की पुढच्याही. किंमत बहुतेकदा डॉलरमध्ये असते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावे लागतात, आणि बँक परकीय चलनाचं शुल्क वर लावते. वर्गणी आपोआप नव्यानं भरली जाणार असेल तर ती कुठून बंद करायची ते भरतानाच पाहून ठेवा.

फोन आणि गाडी

अँड्रॉइडवर केबलनं फोल्डर कॉपी केला की झालं. म्युझिकोलेट मोफत आहे आणि इंटरनेटची परवानगीच मागत नाही. पॉवरॲम्प १५ दिवस वापरून मग विकत घ्यायचं असतं. इक्वलायझरची हौस असेल तरच. आयफोनवर आयट्यून्समार्फत फ्लॅक जात नाही, आधी ॲपलच्या एएलएसी या प्रकारात बदला, किंवा फोनवर व्हीएलसी टाकून वायफायनं पाठवा.

प्लेलिस्ट हलवताना एम३यू८ या प्रकारात सेव्ह करा. साध्या एम३यूमध्ये देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात आणि एकही गाणं सापडत नाही.

गाडीसाठी वेगळी प्रत करा. पुष्कळ स्टीरिओंना देवनागरी वाचता येत नाही, पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. पेनड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट करा, त्या प्रतीवर फाइलींची नावं आणि टॅग रोमन लिपीत करा, आणि फोल्डर एकेक करून क्रमानं कॉपी करा. काही स्टीरिओ नावाप्रमाणे नव्हे, तर ज्या क्रमानं फाइल चढली त्या क्रमानं वाजवतात.